वॉटर कूलिंगमध्ये उष्णता नेमकी कुठे अडते? नागपूरच्या एका ओव्हरक्लॉक केलेल्या डेस्कटॉपचं प्रकरण

मशीन माझ्या मावसभावाचं. तो नागपुरात घरांची आणि इमारतींची थ्रीडी चित्रं करून देतो, त्यामुळे संगणक तासन्‌तास रेंडरला, म्हणजे मॉडेलवरून चित्र तयार करण्याच्या जड कामाला, लागलेला असतो. आत इंटेलचा कोअर आय९-९९००के. ऑक्टोबर २०१८ मध्ये बाजारात आलेला हा ८ कोअर, १६ थ्रेडचा प्रोसेसर. त्याच्या माहितीपत्रकात ९५ वॉट लिहिलेलं असतं, पण तो आकडा ३.६ गिगाहर्ट्झच्या बेस क्लॉकचा, म्हणजे मूळ वेगाचा. ओव्हरक्लॉक करून, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवून, सगळे कोअर ५ गिगाहर्ट्झवर बांधले आणि व्होल्टेज १.३० व्होल्टच्या आसपास ठेवलं, की जड कामात तो त्याच्या दुप्पट वीज ओढतो. ती सगळी वीज उष्णता होऊन बाहेर पडते, तीही दोन चौरस सेंटिमीटरपेक्षा लहान सिलिकॉनच्या तुकड्यातून.

तक्रार अशी होती. रेंडर लावला की पहिली काही मिनिटं ५ गिगाहर्ट्झ टिकतात. मग प्रोसेसर १०० अंशांना टेकतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी क्लॉक खाली ओढतो. ४.६, कधी ४.५. म्हणजे ओव्हरक्लॉक कागदावरच राहतो. हिवाळ्यात हे होत नव्हतं. मे महिना, बाहेर पारा ४५ च्या घरात, खोलीत कूलर लावूनही ३४ अंश. पाण्याचं सर्किट त्याने आधीपासून बसवलेलं होतं: प्रोसेसरवर बसणारा आणि आतून पाणी वाहणारा एक वॉटर ब्लॉक, पाणी फिरवणारा डी५ पंप, पाण्याची छोटी टाकी म्हणजे रिझर्व्हायर, आणि पाण्यातली उष्णता हवेत सोडणारा २४० मिलिमीटरचा रेडिएटर. रेडिएटर आणि ब्लॉक दोन्ही सेकंडहँड घेतलेले.

त्याचं निदान ठरलेलं होतं. ‘दादा, २४०चा रेडिएटर नागपूरच्या उन्हाळ्याला पुरत नाही. ३६०चा घेऊन टाकतो ना.’

हे निदान अगदी सहज पटतं, म्हणूनच ते तपासायला हवं होतं. वॉटर कूलिंगचा मला सर्वांत आवडणारा गुण हाच, की त्यात उष्णतेच्या वाटेवर मध्येच थर्मामीटर लावता येतो. प्रोसेसर नुसत्या पंख्याच्या हवेने थंड होत असेल तर तुम्हाला दोनच टोकं दिसतात, प्रोसेसर आणि खोली. पाण्याच्या सर्किटमध्ये मधला मुक्कामही मोजता येतो, पाणी. तरीही बहुतेक जण पंखे, दिवे आणि रंगीत द्रव यांवर खर्च करतात आणि पाण्याचं तापमान मोजणारा दोन तारांचा साधा सेन्सर मात्र लावत नाहीत.

मोजमाप

रिझर्व्हायरला एक मोकळं छिद्र होतं. वॉटर कूलिंगच्या भागांना जी चुडी (आटे) असते ती नळाच्या सामानातली पाव इंची बीएसपी चुडीच असते. त्यात सेन्सर बसवला आणि त्याच्या तारा मदरबोर्डवरच्या तापमानाच्या पिनांना जोडल्या. १० किलो-ओहमचा हा सेन्सर या प्रोसेसरच्या पिढीच्या बऱ्याच झेड३९० मदरबोर्डांना चालतो. एक लक्षात ठेवायचं: इथे गळती रबरी ओ-रिंग अडवते, त्यामुळे नळाला गुंडाळतो तशी टेफलॉन टेप गुंडाळायची नाही. हाताने घट्ट केलं की पुरतं.

५ गिगाहर्ट्झवर मोजून काही कळलं नसतं, कारण १०० अंशांना पोचला की प्रोसेसर वीज कमी ओढू लागतो आणि आकडे आपसांत तुलना करण्याजोगे राहत नाहीत. म्हणून मोजण्यापुरता क्लॉक ४.७ वर आणि व्होल्टेज १.२० वर आणलं. या स्थितीत प्राइम९५ हा प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारा प्रोग्रॅम चालवल्यावर एचडब्ल्यूइन्फो या आकडे दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये साधारण १५० वॉट दिसत होते.

चाचणी किती वेळ चालवायची, यातही गोम आहे. या सर्किटमध्ये अंदाजे पाऊण-एक लिटर पाणी होतं. ८०० ग्रॅम पाणी १ अंशाने तापवायला सुमारे ३,३०० ज्यूल लागतात. १५० वॉट आत येत असतील आणि रेडिएटर काहीच बाहेर टाकत नसेल, तरीही पाणी १ अंश वाढायला २० सेकंदांपेक्षा जास्त वेळ जातो. रेडिएटर चालू असताना ही चढण आणखी हळू होत जाते. म्हणून पाच मिनिटांची चाचणी पाहून ‘मस्त थंड आहे’ म्हणणं व्यर्थ. पाणी एका आकड्यावर स्थिर व्हायला वीसेक मिनिटं तरी द्यावीत आणि तेवढ्यात खोली स्वतः किती तापली तेही नोंदवावं.

स्थिर झाल्यावरचे आकडे: रेडिएटरमध्ये शिरणारी हवा ३४ अंश, पाणी ४३, प्रोसेसरचा सर्वांत गरम कोअर ९२.

आता वाट दोन टप्प्यांत वाटून पाहू. पाण्यापासून हवेपर्यंत फरक ९ अंशांचा. प्रोसेसरपासून पाण्यापर्यंत ४९ अंशांचा. रेडिएटर कितीही मोठा लावला तरी तो फक्त पहिल्या ९ अंशांवर हात फिरवू शकतो. अगदी भिंतीएवढा रेडिएटर लावला तरी पाणी ३४ च्या खाली जाणार नाही, आणि प्रोसेसर ८३ च्या खाली येणार नाही. अडचण त्या ४९ मध्ये दडलेली होती.

वॉटने भागलं की तुलना सोपी होते. प्रोसेसर ते पाणी: वॉटमागे सुमारे ०.३३ अंश. पाणी ते हवा: वॉटमागे ०.०६. याच दोन आकड्यांनी मूळ तक्रारही उलगडते. ५ गिगाहर्ट्झवर वीज साधारण १९० वॉट धरा. एकूण ०.३९ ने गुणलं तर खोलीपेक्षा ७४ अंश वर. खोली ३४ असेल तर १०८, म्हणजे प्रोसेसर आधीच क्लॉक पाडणार. खोली जानेवारीत २० असेल तर ९४, म्हणजे कसंबसं निभावतं. हिवाळ्यातही हे मशीन नीट चालत नव्हतं. काठावर चालत होतं, आणि थंडी ते झाकून ठेवत होती.

या प्रोसेसरवर चांगला ब्लॉक नीट बसवलेला असेल, तर ०.३३ च्या ऐवजी पाव अंशाच्या आसपास मला अपेक्षित होतं. मधे काय काय येतं? सिलिकॉन, त्यावरचं सोल्डर, तांब्याचं झाकण, थर्मल पेस्ट, ब्लॉकचा तांब्याचा तळ, त्यावर कोरलेल्या बारीक पट्ट्या आणि त्यांच्यामधून धावणारं पाणी. पहिले तीन थर कारखान्यात ठरून येतात. पेस्ट, पट्ट्या आणि पाण्याचा वेग आपल्या हातात.

वेग मोजायला फ्लो मीटर नव्हता, म्हणून जुनी रीत वापरली. मदरबोर्डची वीज पूर्ण तोडली, एसएमपीएसच्या (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) २४ पिनी जोडणीत हिरवी तार आणि काळी तार जोडून फक्त पंप चालू केला, परत येणारी ट्यूब मापाच्या भांड्यात सोडली आणि रिझर्व्हायर वरून भरत राहिलो. मिनिटाला जेमतेम ०.६ लिटर. डी५ पंपावर कागदोपत्री तासाला १,५०० लिटर लिहिलेलं असतं. तो आकडा अडथळा नसतानाचा आहे, सर्किटमध्ये तेवढं कधीच मिळत नाही. पण एक ब्लॉक आणि एक रेडिएटर असताना मिनिटाला तीन-चार लिटर सहज यायला हवं.

इथे एक गैरसमज दूर करतो. मिनिटाला १ लिटर पाणी दर अंशामागे जवळपास ७० वॉट वाहून नेतं. म्हणजे ०.६ लिटरनेही १५० वॉट नेताना पाणी ब्लॉकमधून बाहेर पडेपर्यंत साडेतीन अंशांच्या आसपासच तापतं. पाण्याची धारणशक्ती इतकी दांडगी आहे, आणि म्हणूनच मोठे संगणकसुद्धा पाण्याकडे वळले. पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेतला परम ब्रह्म महासंगणक असाच थेट द्रवाने थंड होतो. तेव्हा कमी प्रवाहामुळे पाणी फार तापत होतं, असं इथे नव्हतं. कमी प्रवाह हे लक्षण होतं. ब्लॉकच्या आत काहीतरी साचलंय, हे तो सांगत होता.

ब्लॉक उघडला

आत जे दिसलं ते वॉटर कूलिंग करणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी पाहावं असं आहे. ब्लॉकमधल्या पट्ट्यांमधल्या फटी अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही अरुंद असतात. मधल्या चिरेतून पाण्याची धार त्यांच्यावर पडते आणि दोन्ही बाजूंना पसरते. या ब्लॉकमध्ये बरोब्बर त्या चिरेखाली, म्हणजे प्रोसेसरच्या थेट वर, पांढरट, चिकट लगदा घट्ट बसला होता. कडेच्या फटी मोकळ्या. पाणी जिथे सर्वांत जास्त हवं तिथून वळसा घालून जात होतं.

लगदा दोन ठिकाणांहून आला असणार. पहिली, ट्यूब. पारदर्शक मऊ पीव्हीसी ट्यूब लवचीक राहावी म्हणून तिच्यात प्लॅस्टिसायझर घातलेला असतो. गरम पाण्यात तो हळूहळू झिरपतो, ट्यूब दुधाळ होते आणि निघालेला चिकट थर सर्वांत अरुंद जागी जाऊन बसतो. भावाच्या ट्यूबा आतून धुरकट झालेल्याच होत्या.

दुसरी जागा जास्त गंभीर होती. रेडिएटर हलका वाटत होता, म्हणून त्याच्या पोर्टच्या आत टॉर्च मारून पाहिलं. तांब्या-पितळेच्या रेडिएटरची चुडी पिवळी दिसते. ही पांढरी होती. रेडिएटर ॲल्युमिनियमचा, ब्लॉक तांब्याचा, आणि दोघांत एकच पाणी. या दोन धातूंच्या प्रमाणित इलेक्ट्रोड पोटेन्शियलमध्ये २ व्होल्टचा फरक आहे: ॲल्युमिनियम उणे १.६६, तांबं अधिक ०.३४. मधे विद्युतवाहक पाणी आलं की बॅटरीच तयार होते आणि झीज ॲल्युमिनियमची होते. पाण्यात उतरलेले तांब्याचे आयन ॲल्युमिनियमवर जाऊन बसतात, तिथे बारीक खड्डे पडू लागतात, आणि निघालेला पांढरा हायड्रॉक्साइड पाण्यासोबत फिरत ब्लॉकमध्ये अडकतो. गंजरोधक रसायन असेल तर हा वेग कमी होतो, थांबत नाही. इथे तर पातळी कमी झाली की घरच्या फिल्टरचं पाणी ओतलं जात होतं. आरओच्या पाण्यातही क्षार उरतातच, आणि त्यांच्यामुळे ही बॅटरी जोमाने चालते.

म्हणजे रेडिएटर बदलायचाच होता. मात्र कारण त्याच्या आकारात नव्हतं, धातूत होतं. हे मोजल्याशिवाय आणि उघडल्याशिवाय कळलं नसतं. नवा ३६०चा रेडिएटरसुद्धा ॲल्युमिनियमचाच आला असता, तर वर्षभरात हाच लगदा पुन्हा साचला असता.

बदल, एकेक करून

रेडिएटर लगेच बदलला नाही. सगळं एकदम बदललं तर कशाने किती फरक पडला हे कधीच कळत नाही. आधी फक्त ब्लॉक साफ केला. तो साध्या तांब्याचा होता, निकेलचा मुलामा नव्हता, त्यामुळे भांडी घासायचा साबण, मऊ टूथब्रश आणि पातळ व्हिनेगर चाललं. मुलामा असेल तर व्हिनेगर टाळा, निकेल सुटू शकतं. झाकण ॲक्रिलिकचं असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल जवळ आणू नका, ॲक्रिलिकला तडे जातात. उघडण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवावा, कारण आतली चिरेची पट्टी आणि ओ-रिंग उलटी बसली तर सगळी मेहनत वाया जाते.

जुनी पेस्ट पुसून नवी लावली, स्क्रू आळीपाळीने तिरके घट्ट केले, आणि जुन्याच रेडिएटरवर थोड्या वेळासाठी नुसतं डिस्टिल्ड वॉटर घालून तीच १५० वॉटची चाचणी पुन्हा केली. प्रवाह मिनिटाला तीन लिटरांच्या वर गेला. हवा ३४, पाणी ४३, प्रोसेसर ७९. पाण्याचं तापमान जागचं हललं नाही, कारण रेडिएटर तोच होता आणि वॉटही तेवढेच. प्रोसेसर मात्र १३ अंशांनी उतरला. खर्च: साबण, पेस्टची एक छोटी सिरिंज आणि एक दुपार.

मग रेडिएटर. तांब्या-पितळेचा ३६० घेतला. कॅबिनेटमध्ये पुढच्या बाजूला तेवढी जागा होती, आणि रेडिएटर बदलायचाच तर मोठा घेण्यात फारसा जास्त खर्च नव्हता. नव्या रेडिएटरच्या आत सोल्डरिंगचा फ्लक्स आणि बारीक कण राहिलेले असतात. म्हणून कोमट डिस्टिल्ड पाणी भरून हलवून, पाणी स्वच्छ येईपर्यंत तो धुतला. हे न केल्यास नव्याकोऱ्या सर्किटमध्येही ब्लॉक तुंबतो. ट्यूब पारदर्शक पीव्हीसीच्या जागी काळ्या ईपीडीएम रबराची घेतली. तिच्यातून पाण्याचा रंग दिसत नाही, भावाला ते आधी रुचलं नाही. पण प्लॅस्टिसायझरचा प्रश्न त्यामुळे मुळातून संपतो, आणि काचेच्या आतली शोभा यापुढे गौण मानावी असं मी त्याला मनापासून सांगितलं.

पाण्याबद्दल थोडं. बॅटरीच्या दुकानात मिळणारं डिस्टिल्ड किंवा डीमिनरलाइझ्ड पाणी चालतं, मात्र त्यात ॲसिड मिसळलेलं नाही याची बाटलीवर खात्री करावी. नागपूरकरांना क्षारांचं वेगळं सांगायला नको, कूलरच्या ताट्यांवर दर उन्हाळ्यात जमणारा पांढरा थर सगळ्यांनी पाहिलेला आहे. नुसतं डिस्टिल्ड पाणीही कायमसाठी नको. गंजरोधक आणि जंतूनाशक असलेलं कॉन्सन्ट्रेट त्यात मिसळावं. रंगीत, अपारदर्शक द्रव दिसायला छान असतात, पण त्यांतले तरंगणारे कण याच अरुंद फटींत बसतात.

भरताना पंप एक क्षणही कोरडा चालवू नये, तो पाण्यानेच वंगण घेतो. रिझर्व्हायर पंपाच्या वर ठेवला, थोडं भरायचं, पंप चालवून बंद करायचा, पुन्हा भरायचं, असं करत कॅबिनेट तिरपं करून हवा काढली. प्रत्येक फिटिंगखाली टिश्यू पेपर ठेवून, मदरबोर्डला वीज न देता रात्रभर पंप चालू ठेवला. टिश्यू कोरडे राहिले तेव्हाच पुढे गेलो.

तीच चाचणी: हवा ३४, पाणी ४०, प्रोसेसर ७६. म्हणजे एकूण १६ अंश उतरले, त्यांतले १३ साफसफाईचे आणि ३ रेडिएटरचे.

पुन्हा ५ गिगाहर्ट्झ

आता वॉटमागे हिशेब असा झाला: प्रोसेसर ते पाणी ०.२४, पाणी ते हवा ०.०४. ५ गिगाहर्ट्झ आणि १.३० व्होल्टला प्रोसेसर ८७-८८ अंशांवर थांबायला हवा होता, आणि तिथेच थांबला. मग व्होल्टेज उतरवत गेलो. वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे १.३० वरून १.२७ वर येणं दिसायला किरकोळ असलं तरी साडेचार टक्के वीज वाचते. थंड सिलिकॉन त्याच क्लॉकला थोड्या कमी व्होल्टेजवर टिकतं, त्यामुळे कूलिंग सुधारल्यावर व्होल्टेज पुन्हा तपासणं हा या कामाचाच भाग धरावा. १.२७ वर प्राइम९५ आणि ब्लेंडर हा थ्रीडी रेंडरचा प्रोग्रॅम दोन्ही चालले, विंडोजच्या नोंदीत हार्डवेअरच्या चुका आल्या नाहीत. १.२५ वर त्या चुका दिसू लागल्या, संगणक बंद पडला नसला तरी. रेंडर करणाऱ्याने अशा चुकांकडे दुर्लक्ष करू नये. तो १.२७ वरच ठेवला.

शेवटच्या स्थितीत सर्वांत जड चाचणीत ८५ अंश, प्रत्यक्ष रेंडरमध्ये त्याहून कमी. वीज गेली, कूलर बंद पडला आणि इन्व्हर्टरवर रेंडर चालू राहिला, खोली ४० ला पोचली, तरी प्रोसेसर ९१ च्या आसपास राहील.

पंख्यांची आज्ञावली आता पाण्याच्या तापमानाला जोडली आहे. प्रोसेसरचं तापमान क्षणात २० अंश उडी मारतं, त्याला पंखे जोडले की ते सारखे कण्हतात. पाणी सावकाश बदलतं, पंखेही सावकाश बदलतात.

दोन गोष्टी वेगळ्या सांगायला हव्यात. वॉटर ब्लॉक लावला की सॉकेटभोवती वाहणारी हवा नाहीशी होते, आणि प्रोसेसरला वीज देणारे मदरबोर्डवरचे व्हीआरएम उघडे पडतात. १८० वॉट त्यांच्यातूनच जातात. मागचा पंखा त्यांच्यावरून हवा ओढेल असा ठेवला, तेव्हा ते आटोक्यात आले. दुसरी, कूलरचा थेट झोत कॅबिनेटवर नको. हवा थंड मिळते हे खरं, पण तिच्यासोबत तुषार आणि क्षारांची धूळ येते. कॅबिनेट कूलरच्या बाजूला, झोताबाहेर ठेवलं. बर्फाचं पाणी किंवा चिलर (फ्रिजसारखं पाणी गार करणारं यंत्र) लावण्याची कल्पनाही भावाने मांडली होती. साध्या सर्किटमध्ये पाणी खोलीपेक्षा नेहमी गरमच असतं, म्हणून दव पडत नाही. चिलरने ते दवबिंदूखाली नेलं की पावसाळ्यात ट्यूबांवर आणि ब्लॉकवर पाणी सुटतं, आणि ते थेट मदरबोर्डवर उतरतं.

आता त्याला ग्राफिक्स कार्डही याच सर्किटमध्ये घ्यायचं आहे. कार्ड २५० वॉटचं. प्रोसेसरसह ४३० वॉट झाले. वॉटमागे ०.०४ धरलं तर पाणी हवेपेक्षा १७ अंश वर, म्हणजे मे महिन्यात ५१, आणि कूलर बंद असताना ५७. डी५ पंपाची मर्यादा ६० अंशांची आहे. एवढ्या जवळ जायचं नाही, असं आम्ही ठरवलं. वरच्या बाजूला २४०चा दुसरा तांब्याचा रेडिएटर बसतो का, याची मापं त्याने घेतली आहेत. रॅमच्या उंचीमुळे २७ मिलिमीटर जाडीपर्यंतचाच मावेल. तो मिळाला की कार्डाचा ब्लॉक, आणि सेन्सरचे आकडे तेव्हा पुन्हा पहिल्यापासून.